तिसरा तक्ता

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी जमीन आहे. माझी मोजणी आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. तक्ते बारा. प्रत्येक तक्ता चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चोवीस किलो वजनाचा. एका तक्त्याला स्क्रू छत्तीस, म्हणजे एकूण चारशे बत्तीस. खाली टायरच्या ट्यूबचे कापलेले रबरी तुकडे, तक्त्याला सोळा, म्हणजे एकशे ब्याण्णव. प्रत्येक तक्त्याच्या कडेला लोखंडी पट्टी. ओळी तीन, एका ओळीत तक्ते चार. सगळे जोडले की सोळा फूट बाय बारा फूट.

ही मोजणी तेव्हाची. आजची अशी : सात तक्ते खोलून त्यांची खोकी झाली आणि ती यंत्रांचे भाग पोटात घेऊन कुठल्या कुठल्या गावांना गेली. दोन तक्ते औरंगपुऱ्यातल्या एका दुकानाच्या माळ्यावर आहेत, त्यांच्यावर वह्यांचे गठ्ठे. दोन एका गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली कुजताहेत. उरला एक. तिसरा. तो लासूर स्टेशनला, मोंढ्यामागच्या, म्हणजे शेतमालाच्या बाजारामागच्या, एका घराच्या पुढच्या खोलीत आहे. मी तिथूनच बोलते आहे.

अडीच वर्षांच्या वस्तूला कुणी जुनी म्हणत नाही, हे मला माहीत आहे. पण जमिनीचं वय पावलांनी मोजायचं असतं. माझ्यावर आठवड्यातून चार संध्याकाळी, सहा माणसं, दीड वर्ष नाचली. त्या हिशेबानं मी म्हातारी आहे.

आणखी एक सांगून ठेवते. लाकडाला कान नसतात. पण आवाज म्हणजे तरी काय? हवेचं थरथरणं. ते लाकडात सहज उतरतं. म्हणून मी जे ऐकलं ते खरंच ऐकलं.

माझा जन्म वाळूजच्या एका शेडमध्ये झाला. त्याआधी मी पाइनचं लाकूड होते. परदेशातून यंत्रं आली, ती माझ्या खोक्यांतून आली. यंत्रं कारखान्यात गेली आणि खोकी रहीमभाईंच्या शेडमध्ये पडली. रहीमभाई सुतार, पण त्यांच्या हातून खिडक्या-दारं कधी झाली नाहीत. पंचवीस वर्षं त्यांनी फक्त खोकीच केली. एक दिवस त्यांचा भाचा नोमान आणि त्याच्याबरोबर एक मुलगी तिथं आली. मुलीच्या हातात वही होती आणि वहीत माझं चित्र होतं, मापांसकट.

“काय करायचंय याच्यावर?” रहीमभाईंनी विचारलं.

“नाचायचंय, मामू,” नोमान म्हणाला.

“नाचायला वेगळी जमीन लागते व्हय? आमच्या निकाहात लोक चिखलात नाचलेत.”

“मामू, आम्ही शहाबादी फरशीवर नाचतो,” मुलगी म्हणाली. “तासाभरानं सहांपैकी चौघांचे पाय दुखतात. मी महिनाभर लिहून ठेवलंय. फरशी दबत नाही, मग सगळा मार गुडघ्यावर येतो.”

रहीमभाईंनी वही हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. “असं सांग ना बेटा. गुडघ्यासाठी करतो. नाचातलं मला काय कळत नाय.”

ती मुलगी तनुजा. वाळूजलाच एका औषधांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम करायची. माझ्या बारा तक्त्यांचा जन्म तिच्या गुडघ्यांसाठी झाला, हे लक्षात ठेवा.

रहीमभाईंनी मला अकरा दिवसांत केलं. प्रत्येक फळी हातानं घासली. कुसळ कुठं राहिलं आहे का, ते तळहात फिरवून पाहिलं. खाली तापलेल्या सळईनं आकडे उमटवले, एक ते बारा, म्हणजे जोडताना चूक व्हायला नको. मी टेम्पोत चढले तेव्हा त्यांनी बजावलं, “एकच गोष्ट. पाणी लागू देऊ नका. पाइन आहे ही, तहानलेली असते. पिऊन घेते आणि मग सोडत नाय.”

मला शहरात, औरंगपुऱ्यात आणलं. दुकानांच्या वर, जिन्यानं चढून गेलं की एक लांबट खोली होती. तिथं पूर्वी शिकवणी वर्ग चालायचा. तो बंद पडला होता. भिंतीवर फळा तसाच होता आणि फळ्यावर कुणाचं तरी अर्धं सोडवलेलं गणित. खाली पुंजारामशेठचं वह्या-पेनांचं दुकान. मी यायच्या आधी पुंजारामशेठ आठवड्यातून दोनदा जिन्यात येऊन ओरडत, “वर काय रेडे बांधलेत काय? माझ्या काउंटरवर चुना पडतोय!” मी आल्यावर तिसऱ्या दिवशी ते सरळ वर आले, दारात उभे राहिले आणि सहाही जणांकडे बघत राहिले.

“काय झालं शेठ?” नोमाननं विचारलं.

“काय नाय. आवाज येईना. मेले का काय सगळे, म्हणून बघायला आलो.”

सगळे हसले. माझ्या एकशे ब्याण्णव रबरी तुकड्यांचं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

आता तो नाच कुठला, ते सांगते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात, हार्लेम नावाच्या वस्तीत काळ्या लोकांनी तो घडवला. ज्यांना शहरातल्या कितीतरी दारांतून आत येऊ दिलं जात नव्हतं, त्या लोकांनी आपल्या वस्तीतल्या दिवाणखान्यांत, स्वयंपाकघरांत, रस्त्याच्या कडेला, जॅझ संगीतावर पावलं जुळवली. एकानं दुसऱ्याचं बघायचं आणि त्यात आपलं एक पाऊल घालायचं. जोडीनं नाचतात तो स्विंग. एकेकट्यानं नाचतात त्याला ही मुलं नुसतं जॅझ म्हणत.

हा नाच आमच्या शहरात फर्दापूरहून आला. नोमान अजिंठ्याच्या लेण्यांचा गाईड. एकदा फर्दापूरच्या थांब्यावर बस तीन तास आली नाही. दोन म्हातारे पर्यटक, नवरा-बायको, कंटाळून मोबाइलवर गाणं लावून नाचायला लागले. नोमाननं विचारलं, त्यांनी त्याला सहा पावलं शिकवली. बस आली, ते गेले. उरलेलं तो मोबाइलवर बघून शिकला आणि मग त्यानं इतरांना शिकवलं. तनुजा होती, मंजुषा होती आणि आणखी तिघं. मंजुषा फिजिओथेरपिस्ट. हाडामोडीच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायची आणि संध्याकाळी येऊन स्वतःचे वाकवायची.

“एक चप्पल तुटली तर माणूस कसा चालतो?” नोमान नव्या मुलांना विचारायचा. “लांब-आखूड, लांब-आखूड. हाच ठेका. दोन्ही सारखे केले की ती कवायत झाली.”

“तुझी चप्पल तर जन्मापासून तुटकीच आहे,” मंजुषा म्हणायची.

“म्हणून तर मी गुरू आहे.”

त्यांच्या बुटांना चामड्याचे तळ होते. औरंगपुऱ्यातल्याच एका मोच्याकडून त्यांनी कॅनव्हासच्या बुटांना ते चिकटवून घेतले होते, कारण रबरी तळ घसरत नाही, आणि या नाचात पाय घसरायला हवा. वरून माझ्यावर कॅरमची पावडर टाकत. जास्त नाही, चिमूटभर. मग पाय माझ्यावरून असा फिरायचा की मला त्याचा भार कळायचा, टोक कळायचं नाही. तनुजाचं वजन सत्तावन्न किलो. पण फिरताना ती अठ्ठेचाळीसची वाटायची. हे मी कसं सांगू? मला तेवढंच वाटायचं.

सुरू करण्याआधी सहाही जण वाकून मला हात लावत. पाच जण तो हात कपाळाला लावत, नोमान छातीला. मी खोक्यांचं लाकूड. माझ्यावर तोवर बाण काढले होते, ‘ही बाजू वर’ असं लिहिलं होतं. नमस्कार मला कुणी केला नव्हता.

ते माझे चांगले दिवस. ते दीड वर्ष टिकले.

तनुजाचं घर लासूर स्टेशनचं. वडील तात्यासाहेब, ती त्यांना दादा म्हणते. मोंढ्यात त्यांची आडत. मका, कापूस, कांदा. बोलायला मोठे, मनानं वाईट नाहीत. मुलगी नाचते हे त्यांना माहीत नव्हतं. मग कुणीतरी मोंढ्यात त्यांच्यापुढं मोबाइल धरला. त्यात तनुजा आणि नोमान माझ्यावर नाचत होते. मोबाइल धरणारा म्हणाला, “तात्या, पोरगी कुणाचा हात धरून गरगर फिरायलीय, बघा.” तात्यासाहेबांनी पाहिलं, मोबाइल परत दिला आणि कापसाचा लिलाव पुढं चालू केला. त्या दिवसापासून ते तनुजाशी बोलले नाहीत. ती दर रविवारी घरी जायची. ते जेवायचे, उठायचे, दुकानात जायचे. असे आठ महिने.

हे ती मंजुषाला माझ्यावर बसून सांगायची, बुटांच्या नाड्या सोडताना. “शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं गं. मी पाणी दिलं तर घेतात. पण माझ्याकडं बघत नाहीत. एकदा, फक्त एकदा त्यांनी समोर बसून बघावं. मग म्हणू देत वाईट आहे म्हणून.”

म्हणून जेव्हा हौशी कलाकारांच्या एका महोत्सवात त्यांना नऊ मिनिटं मिळाली, खऱ्या नाट्यगृहात, खऱ्या रंगमंचावर, तेव्हा तनुजानं आईला, मनकर्णाबाईंना फोन केला. मनकर्णाबाई एवढंच म्हणाल्या, “मी आणते त्यांना. कसं, ते विचारू नको.”

नाट्यगृहाच्या रंगमंचावर जाजम होतं आणि जाजमाखाली वर आलेले खिळे. म्हणून मला नेलं. टेम्पोत रहीमभाई स्वतः बसले. एक ते बारा, त्यांनीच जोडलं. पुढची ओळ एक ते चार. मधोमध, प्रेक्षकांच्या अगदी समोर, दोन आणि तीन.

आमच्याकडं प्रयोगाआधी नटराजाची पूजा होते आणि नारळ वाढवतात. तो मान कुणाला द्यायचा, यावर आयोजकांची आत चर्चा चालली होती. तेवढ्यात पांढरा सदरा घातलेले तात्यासाहेब मागच्या दारानं आत आले. पुढं मनकर्णाबाई. ते तनुजासमोर उभे राहिले. आठ महिन्यांनी.

“कशी हायेस?” त्यांनी विचारलं.

“बरी आहे, दादा.”

“वाळलीस लई.”

बस, एवढंच. पण मी तिसऱ्या तक्त्यावरून सांगते, त्यानंतर ती जी चालली, ती अठ्ठेचाळीसचीही वाटली नाही.

आयोजक म्हणाले, “तात्यासाहेब, तुम्ही लासूरहून आलात. नारळ तुम्हीच वाढवा.” तात्यासाहेबांनी जोडे काढले, माझ्यावर आले. वाकून बोटांनी माझी जोडणी चाचपली.

“लाकूड बेस बसवलंय. कुणाचं काम?”

“माझ्या मामूंचं,” नोमान म्हणाला.

“हं.” त्यांनी नोमानकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. मग नारळ हातात घेतला. “दगड कुठंय?”

दगड कुणी आणला नव्हता. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तात्यासाहेबांना थांबणं माहीत नाही. ते खाली बसले, नारळ उचलला आणि माझ्या तिसऱ्या तक्त्याच्या लोखंडी पट्टीवर आपटला.

पडद्याच्या कडेला रहीमभाई उभे होते. पहिल्या आपटण्याला ते पुढं आले, “साहेब, तिथं नको...” एवढं त्यांच्या ओठांवर आलं होतं. तनुजानं हात मागं नेऊन त्यांच्याकडं तळवा धरला. थांबा. नका बोलू. ते थांबले. तिला माहीत होतं, पाणी लागू द्यायचं नाही. ती प्रयोगशाळेतली मुलगी, तिला काय माहीत नव्हतं? पण आठ महिन्यांनी वडील बोलले होते, आणि आता सगळ्यांसमोर त्यांना ‘इथं नको’ म्हणायचं?

दुसऱ्या आपटण्याला नारळ दुभंगला. पाणी माझ्यावर सांडलं. तहानलेलं लाकूड मी. काही प्यायले. उरलेलं तिसऱ्या तक्त्याच्या मधल्या सांध्यात जाऊन बसलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यासाहेब खाली गेले, पहिल्या रांगेत बसले. मंजुषानं ओढणीनं पाणी पुसलं. ओलसरपणा राहिला, म्हणून तिनं त्यावर कॅरमची पावडर टाकली. चिमूटभर नाही, मूठभर. “शोषून घेईल,” ती म्हणाली.

“सुकलं का?” तनुजानं विचारलं.

“सुकलं.”

मग भाषणं झाली. पंचवीस मिनिटं. वरचे दिवे माझ्यावर तापत होते. नारळाचं पाणी गोड असतं. त्यात पावडर मिसळली, उष्णतेनं पाणी उडालं आणि सांध्यावर एक पातळ, चिकट खपली धरली. लांबी सतरा सेंटिमीटर, रुंदी चार. दिसायला ती पावडरीसारखीच पांढरी होती. मला ती जाणवत होती. पण मित्रांनो, मला सगळं ऐकू येतं, बोलता मात्र मला आज येतंय.

पडदा उघडला. सुरुवातीला कुणाला काही कळेना. मागून कुणीतरी ओरडलं, “वरात कुठंय रे?” हशा झाला. लोक टाळ्या वाजवायला लागले, पण पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. नोमाननं नाचता नाचताच हात वर करून खूण केली, असं नाही, असं. दुसऱ्यावर, चौथ्यावर. हळूहळू अख्खं नाट्यगृह त्याच्या मागून आलं. सातशे माणसांच्या टाळ्या, लांब-आखूड ठेक्यावर. पहिल्या रांगेत तात्यासाहेबांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर पडत होता. दुसऱ्यावर, चौथ्यावर. तनुजानं ते पाहिलं. मला माहीत आहे, कारण त्याच क्षणी तिच्या टाचा माझ्यावर जास्तच मोकळ्या फिरल्या.

चार मिनिटं दहा सेकंद झाली होती. नोमाननं तिला पुढं सोडलं, हाताला हात धरूनच, आणि ती फिरली. डावा पाय तिसऱ्या तक्त्याच्या सांध्यावर आला. चामड्याचा तळ खपलीवर बसला आणि राहिला. वरचं शरीर फिरत राहिलं. पाय फिरला नाही. दोघांच्या मध्ये गुडघा होता.

टक् असा आवाज झाला. लहान. लाकडाची काडी मोडल्यासारखा.

नोमानचा हात सुटला नाही. उलट त्यानं तिला ओढून धरलं, म्हणून तिचं डोकं माझ्यावर आपटलं नाही. पण तो ओढताना लोकांना जे दिसलं ते वेगळं. आणि जे दिसलं ते कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते लासूरच्या मोंढ्यात पोचलं.

हे मी लासूरला आल्यावर ऐकलं : तात्यासाहेब दवाखान्याच्या दारात म्हणाले, “त्या पोरानं हात सोडला.” मनकर्णाबाई म्हणाल्या, “नाय हो, धरला होता.” ते म्हणाले, “मी पहिल्या रांगेत होतो. माझ्या डोळ्यांनी बघितलं.” तनुजानं सांगितलं, तर तिला म्हणाले, “तू पडली होतीस. तुला काय कळणार?” नोमान दोनदा दवाखान्यात आला आणि दोनदा दारातून परत गेला. फर्दापूरला बाकीचे गाईड त्याला विचारायचे, “काय रे, पोरगी सोडलीस म्हणे?” त्यानं नाच बंद केला. मला वाटतं, शेवटी शेवटी त्याचाही विश्वास बसला होता की हात सुटला असेल.

मुलं यायची थांबली. औरंगपुऱ्याची खोली सोडली. मला उचलताना कुणी हात लावून नमस्कार केला नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. आठ तक्ते वाळूजला रहीमभाईंच्या शेडमागं थप्पीत गेले. दोन पुंजारामशेठनी ठेवून घेतले, म्हणाले, “माळ्याला लागतील.” पुढं त्यांचं काय झालं, ते सुरुवातीला सांगितलंच आहे. शेवटचे दोन मात्र कुठं राहिले होते, ते रहीमभाईंनाही आठवेना. नंतर ते टाकीखाली सापडले.

पाच महिने गेले. एका सकाळी शेडचा पत्रा गळायला लागला, म्हणून रहीमभाईंनी थप्पी हलवली. एकेक तक्ता उभा करून पाहिला. कुठंच काही नव्हतं. तिसऱ्यावर मात्र सांध्यात मुंग्या होत्या. मेलेल्या. एका ओळीत. रहीमभाईंनी चष्मा लावला आणि मोजल्या. एक्केचाळीस.

मग त्यांनी मंजुषाला फोन लावला. “बेटा, कॅरमची पावडर खाऊन मुंगी मरते का?”

“मरते, मामू. बोरिक असतं त्यात. पण नुसती पावडर मुंगी खाणार नाही. गोड काहीतरी लागतं बरोबर.”

मग मंजुषा रडायला लागली. तिला ती मूठभर पावडर आठवली होती.

रहीमभाईंनी तिसरा तक्ता चादरीत गुंडाळला आणि रेल्वेनं लासूर स्टेशनला आणला. तक्ता चोवीस किलोचा, रहीमभाईंचं वय अठ्ठावन्न. मोंढ्यामागच्या घराच्या दारात त्यांनी तो टेकवला. तात्यासाहेब पुढच्या खोलीत बसले होते.

“आदाब, तात्यासाहेब.”

“तुम्ही व्हय. या. बसा.” आवाजात बसा म्हणण्यासारखं काही नव्हतं.

रहीमभाई बसले नाहीत. त्यांनी चादर सोडली, तक्ता आडवा केला आणि सांध्यावर बोट ठेवलं. “हे बघा. तुम्ही शेतमालातले माणूस, तुम्हाला मुंगी कळते. थप्पीत आठ तक्ते होते. मुंगी याच एकावर आली. इथं पोरीचा पाय अडकला. पोराचा हात सुटला नव्हता.”

तात्यासाहेब खाली वाकले. खपलीवर नख घासलं. बोट नाकाजवळ नेलं. पाच महिन्यांनी वास येत नसतो. पण त्यांना आला असावा.

“त्या दिवशी तुम्ही पुढं आला होता,” ते म्हणाले. “मला दिसलं होतं. मग गप का बसला?”

रहीमभाईंनी मान वळवली. आतल्या दारात तनुजा उभी होती, काठी धरून.

“मी थांबवलं त्यांना, दादा,” ती म्हणाली.

तात्यासाहेबांनी मुलीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. म्हणाले, “तक्ता इथंच राहू द्या.” आणि मग, “त्या पोराला सांगा... नाय, मीच सांगतो. नंबर द्या त्याचा.”

मग तनुजा काठी टेकत माझ्यावरून चालत गेली, रहीमभाईंना पाणी द्यायला. लांब-आखूड. लांब-आखूड. मी तो ठेका दीड वर्ष ऐकला होता.

मित्रांनो, गुडघा कसा मोजतात, ते तुम्हाला सांगायला हवं. पाय सरळ असला की शून्य अंश. वाकत गेला की अंश वाढतात. जिना चढायला नव्वदच्या पुढं लागतात. या नाचात खाली बसकं होऊन फिरावं लागतं, त्याला एकशे वीस. तनुजाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, पण आत व्रणाचे धागे घट्ट झाले होते. मी घरात आले त्या दिवशी बासष्ट अंश होते. कंपनीनं तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती. डॉक्टर म्हणाले होते, शस्त्रक्रियेला दहा महिने होईपर्यंत जेवढं वाकेल तेवढं खरं. पुढं फारसा फरक पडत नसतो.

मंजुषा दर दुसऱ्या रविवारी रेल्वेनं येते. तिनंच सांगितलं की गुळगुळीत फळीवर पावडर टाकून टाच मागं-पुढं सरकवायची, रोज तीनदा. दवाखान्यात तशी फळी असते. इथं मी होते. तात्यासाहेब रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ओल्या फडक्यानं नाही, कोरड्या फडक्यानं मला पुसतात. उरलेल्या डब्यातली कॅरमची पावडर टाकतात. चिमूटभर. मग खाली बसून मुलीची टाच धरतात आणि सरकवतात. ती ओरडते. ते थांबत नाहीत. एकदा ती म्हणाली, “दादा, सोडा ना.” ते म्हणाले, “नाय सोडणार.” आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं, ते त्यांनी घाईघाईनं पुसून घेतलं.

बासष्टचे एकाहत्तर झाले. एकाहत्तरचे चौऱ्याऐंशी. मग त्र्याण्णव.

नोमान तीनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा तात्यासाहेब दारापर्यंत गेले, त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. नोमान म्हणाला, “काका, चहा मिळेल का? रेल्वेत चहा लई भंगार होता.” आतून तनुजा हसली. फार दिवसांनी. नंतर तो माझ्याशेजारी बसून मात्रा मोजायचा आणि ती टाच सरकवायची. “एकशे वीस झाले की सांग,” तो म्हणायचा, “मी चप्पल तोडूनच येतो.” त्यानं अजून कुणाबरोबर नाच केलेला नाही. म्हणतो, ती उभी राहिली की बघू. मोंढ्यातल्या त्या मोबाइलवर मात्र तो अजून तिला सोडतोच आहे. ते पुसायला तात्यासाहेब माणसामाणसाकडं गेले. काहींनी ऐकलं.

मित्रांनो, मी खोक्यांचं लाकूड. माझ्याकडं देण्यासारखं काही नाही. एक मागणं आहे. तुमच्या शाळेत, नाट्यगृहात, मैदानात कुणी नाचत असेल, खेळत असेल, तर त्यांच्या पायाखाली काय आहे ते आधी हात फिरवून बघा. तिथं काही सांडताना दिसलं तर बोला. सांडणारा माणूस तुमच्यापेक्षा मोठा असेल, तुमचा असेल, फार दिवसांनी तुमच्याशी बोलला असेल, तरी बोला. माणूस पुन्हा रुसेल. रुसलेला माणूस परत येतो, हे मी पाहिलं आहे.

आज दहा महिने पूर्ण झाले. रविवार आहे. मंजुषा सकाळच्या गाडीनं आली. नोमान उंबऱ्यावर बसला होता. मनकर्णाबाई दाराला टेकून उभ्या. तात्यासाहेबांनी मला पुसलं, पावडर टाकली. तनुजा माझ्यावर बसली, पाठ भिंतीला. टाच सरकवली, जेवढी जाते तेवढी, आणि तिथं धरून ठेवली. मंजुषानं दोन पट्ट्यांचा कोनमापक गुडघ्याला लावला. एक पट्टी मांडीच्या रेषेत, एक पोटरीच्या. तिनं तीन वेळा मोजलं.

सत्त्याण्णव. शहाण्णव. शहाण्णव.